पेनड्राइव्ह लावण्याच्या आदल्या संध्याकाळी

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत माझी ओळखच बदलली. आधी मी 'तिसऱ्या मजल्यावरचे' होतो, आता 'ते लिनक्सवाले' झालोय. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. जिन्यात कुणी भेटलं की पाण्याच्या टाकीचा विषय संपता संपता प्रश्न येतोच, "आमच्या लॅपटॉपवर बसेल का हो तुमचं ते?" लॅपटॉप बहुधा धडधाकट असतो. सहाव्या-सातव्या पिढीचा इंटेल आय-फाइव्ह प्रोसेसर, कीबोर्ड ठीक, स्क्रीन ठीक. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे हा बिचारा अधिकृतपणे बाद.

अशी पंधरा-वीस मशीन हातून गेल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. प्रत्यक्ष लिनक्स टाकायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. बिघडतं ते आदल्या संध्याकाळी न केलेल्या कामांमुळे. म्हणून या लेखात आदली संध्याकाळ लांबलचक आहे आणि इन्स्टॉलेशन आखूड.

तुम्हाला हे हवंय का, ते आधी ठरवा

कागद घ्या आणि गेल्या महिन्यात लॅपटॉपवर जे जे उघडलं ते लिहून काढा. ब्राउझर, ईमेल, बँकेची वेबसाइट, यूट्यूब, व्हॉट्सअॅप वेब, पत्रं, साधे हिशेबाचे तक्ते, पीडीएफ एवढंच निघालं तर बिनधास्त पुढे चला. वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस येतं आणि घरगुती कामाला ते पुरून उरतं.

यादीत टॅली, फोटोशॉप, ऑटोकॅड किंवा मॅक्रोंनी भरलेली ऑफिसची एक्सेल शीट असेल तर थांबा. ही मंडळी लिनक्सवर सरळ चालत नाहीत. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायच्या वाइन वगैरे खटपटी आहेत, पण रोजीरोटीचं काम पहिल्याच दिवशी खटपटीवर टाकू नये. आमच्याच गल्लीत लग्नपत्रिकांचं डीटीपी करणारे एक काका आहेत. त्यांची वीस वर्षांची सगळी कामं श्रीलिपी या विंडोजवरच्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये. त्यांना मी हात जोडून सांगितलं की काका, तुमचं मशीन आहे तसं राहू द्या. डिजिटल सहीचं डोंगल वापरणारे सीए आणि अंगठ्याचं यंत्र लावून केंद्र चालवणारे यांनीही त्या उपकरणाचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, मिळतो का, हे आधी विचारून घ्यावं.

कोणतं लिनक्स?

या प्रश्नावर लोक आठवडे घालवतात. मी दोन वाक्यांत संपवतो. लिनक्स मिंट घ्या. रॅम ८ जीबी असेल तर सिनॅमन आवृत्ती, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. मिंटची २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ अशी तिची मांडणी आहे. ज्यांनी एमएस-सीआयटी केलंय त्यांचा हात आपोआप योग्य जागी जातो. उबुंटू किंवा फेडोरा वाईट आहेत असं नाही. पण पहिल्यांदा पोहायला शिकताना तलावपाळीचं तळं बरं की उपवनचं, यावर काठावर बसून चर्चा कशाला?

लॅपटॉपकडे एकदा नीट बघा

दोन गोष्टी तपासा. पहिली, आत फिरणारी हार्ड डिस्क आहे की एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क)? विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर डिस्कच्या नावाखाली लिहिलेलं असतं. हार्ड डिस्क असेल तर लिनक्स टाकून लॅपटॉप थोडा हलका वाटेल, पण खरा फरक एसएसडीने पडतो. आणि इथे माझी सगळ्यात आवडती युक्ती आहे. नवी २४०-२५६ जीबीची एसएसडी घ्या, दुकानदाराकडून जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी ती बसवून घ्या, लिनक्स त्या कोऱ्या एसएसडीवर टाका. जुनी डिस्क विंडोज आणि सगळ्या फायलींसकट वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात. नाही जमलं तर पुन्हा तीच डिस्क बसवायची, लॅपटॉप होता तसा. नवख्या माणसाला याहून मोठी हमी कुठली देणार?

दुसरी गोष्ट सेकंडहॅंड घेतलेल्यांसाठी. आपल्याकडे ऐरोली-महापे पट्ट्यातल्या ऑफिसांतून निघालेले लॅपटॉप बरेच फिरतात. मजबूत असतात आणि लिनक्सवर झकास चालतात. पण काहींच्या बायोसवर, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगवर, जुन्या ऑफिसचा पासवर्ड तसाच राहिलेला असतो. तो असला तर तुम्हाला पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायलाच मिळणार नाही कदाचित. म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच मशीन बंद करून बायोस उघडून दाखवायला सांगा. दुकानदार "नंतर करून देतो" म्हणाला तर आपण पण नंतर पैसे देऊ म्हणायचं.

बॅकअप, आणि माझी फजिती

महत्त्वाचं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. नुसतं 'डॉक्युमेंट्स' नाही. डेस्कटॉपवर साठलेला पसारा, डाउनलोड्स, ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्डही. कॉपी झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या कुठल्यातरी मशीनला लावून चार फोटो, दोन पीडीएफ उघडून बघा. फायलींची नावं दिसली म्हणजे फायली शाबूत आहेत असं नसतं.

आणि मग ती डिस्क काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. हे मी फार महाग शिकलोय. सुरुवातीच्या दिवसांत स्वतःच्याच डेस्कटॉपवर लिनक्स टाकताना बॅकअपची डिस्क जोडलेलीच राहिली. आतली १ टीबी, बाहेरची १ टीबी. इन्स्टॉलरने विचारलं कोणती डिस्क पुसू, यादीत 'एसडीए' आणि 'एसडीबी' अशी दोन सारखी दिसणारी नावं. मी घाईत खालची निवडली. पुतण्याच्या मुंजीचे फोटो, त्यांची एकमेव प्रत, तीस सेकंदांत गेली. वहिनी अजून मधूनमधून विषय काढते. त्या दिवसापासून नियम: इन्स्टॉल करताना मशीनला लिनक्सचा पेनड्राइव्ह आणि आतली डिस्क, तिसरं काही जोडलेलं नाही.

बिटलॉकर: ४८ अंकांची भानगड

बिटलॉकर म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप. विंडोज ठेवून बाजूला लिनक्स टाकणार असाल तर हा भाग दोनदा वाचा.

ऐरोलीच्या आत्याकडे विंडोज ११ चा लॅपटॉप होता, ४ जीबी रॅमचा, उघडायला चहा होईपर्यंत वेळ घेणारा. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने दिघा गावच्या पुढचंच स्टेशन, तेव्हा मी रविवारी सकाळी पेनड्राइव्ह खिशात टाकून पोचलो. बायोसमध्ये गेलो, सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सेटिंग) बंद केलं, म्हटलं एकदा विंडोज नीट उघडतंय ना बघू. तर समोर निळा पडदा, रिकव्हरी की मागणारा. आत्या म्हणाली, "अरे, काल रात्रीपर्यंत तर चालू होता!"

झालं होतं असं की नव्या लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की बऱ्याचदा डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. एरवी कुलूप गुपचूप उघडतं. बायोसमधली सुरक्षेची एखादी सेटिंग बदलली की मात्र विंडोजला संशय येतो आणि ते ४८ अंकी किल्ली मागतं. ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. आता आत्याचं खातं कोणाचं? लॅपटॉप सुरू करून दिला होता पुण्याच्या आतेभावाने, स्वतःच्या ईमेलने. फोन लावला. सहा-सहा अंकांचे आठ गट त्याने इंग्रजीत सांगितले आणि आत्याने ते भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे सवयीने मराठी आकड्यांत उतरवले. मी टाइप करायला बसलो तर चालेना. एकदा नाही, दोनदा. तिसऱ्यांदा लक्षात आलं की तिसऱ्या गटात मी जो ९ वाचत होतो तो आत्याचा १ होता. इतकी वर्षं शाळेत शिकवलं तिने, पण तिचा १ जरा पोट सुटलेला.

तर आदल्या संध्याकाळी हे करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' शोधा. चालू असेल तर खात्यातून रिकव्हरी कीचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर एन्क्रिप्शन बंद करून डिस्क पूर्ण उघडी होऊ द्या. याला तासभरही लागतो. सगळं पुसून फक्त लिनक्स ठेवणार असाल तर यातलं काहीच लागत नाही.

याच बैठकीत 'फास्ट स्टार्टअप' बंद करून टाका: कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणांनी काय करायचं ते पान. हे चालू असलं की विंडोज 'शटडाउन' म्हणतं पण खरं तर अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

शेवटचं, लिनक्ससाठी जागा. विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा भाग, विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून 'श्रिंक व्हॉल्यूम' करून आकसून घ्या. ज्याचं घर त्यानेच भिंत सरकवलेली बरी. निदान ६० जीबी मोकळी करा आणि त्या मोकळ्या जागेला नाव, अक्षर, फॉरमॅट काहीही देऊ नका.

पेनड्राइव्ह तयार करणं

मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खं मिंट एका फाइलीत, ३ जीबीच्या आसपास असते, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यावर आधीचं जे असेल ते सगळं जाणार, हे गृहीत धरा. रस्त्यावरच्या टोपलीतले '१ टीबी' लिहिलेले स्वस्त पेनड्राइव्ह यासाठी वापरू नका. लेबलवरची जागा आत नसते, आणि इन्स्टॉलेशन अर्ध्यात विचित्र एरर देऊन थांबलं की दोष लिनक्सच्या माथी बसतो.

फाइल मिंटच्या वेबसाइटवरूनच उतरवा. पूर्ण उतरली का ते तपासायला तिथेच शेजारी एक लांबलचक अक्षर-अंकांची ओळ दिलेली असते, तिला एसएचए-२५६ म्हणतात. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून 'सीआरसी एसएचए' मधून तुमच्या फाइलची ओळ काढता येते. दोन्ही जुळायला हव्यात. लोकांना हा सोपस्कार वाटतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच वेबसाइटमध्ये कुणीतरी घुसून १७.३ सिनॅमनचा दुवा भेसळ केलेल्या फाइलकडे वळवला होता. अशा वेळेसाठीच मिंटवाले त्या ओळींच्या फाइलवर डिजिटल सहीही करतात. नवख्याने सही नाही तपासली तरी चालेल, पण ओळ जुळवाच. माझ्या अनुभवात फाइल भेसळीने नाही, दळभद्री वायफायने बिघडते.

पेनड्राइव्हवर चढवायला बालेना एचर हे सॉफ्टवेअर सगळ्यात सोपं: फाइल निवडा, पेनड्राइव्ह निवडा, फ्लॅश. रूफसही छान आहे, त्याने आयएसओ की डीडी असं विचारलं तर शिफारस केलेला पर्याय ठेवा. आयएसओ नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, हे दर तिसऱ्या माणसाला सांगायची वेळ येते. काम झाल्यावर विंडोज कधीकधी "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा" असं सुचवतं. त्याला नाही म्हणा. विंडोजला तो पेनड्राइव्ह वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करणं

लॅपटॉप पूर्ण बंद. पेनड्राइव्ह लावा. सुरू करताच बूट मेन्यूचं बटण टकटक दाबत राहा. डेल आणि लेनोवोला बहुधा एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरला एफ१२ आहे, पण काही मॉडेलांत ते आधी एफ२ ने बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. लेनोवोच्या काही मॉडेलांना कडेला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. मशीन बंद असताना त्यात सिमची पिन दाबली की थेट मेन्यू येतो. बटण दाबूनही विंडोजच उघडत राहिलं तर एफएन बटणासकट दाबून बघा.

यादीत पेनड्राइव्हचं नाव दिसलं की निवडा. मिंट सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होतं, त्यामुळे ते बंद करायची घाई करू नका. आत्याकडे मी ती केली होती, तिथूनच सगळं रामायण.

काळा पडदा येऊन तिथेच अडकलं, विशेषतः एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर, पुन्हा सुरू करून पहिल्याच मेन्यूतला 'कंपॅटिबिलिटी मोड' घ्या. चित्र थोडं खडबडीत दिसेल, पण दिसेल.

लगेच इन्स्टॉल करू नका

आता समोर मिंटचा डेस्कटॉप आहे आणि तो पेनड्राइव्हवरून चालतोय. तुमच्या डिस्कला अजून हात लागलेला नाही. डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असं चिन्ह आहे आणि प्रत्येकाचा हात तिकडेच जातो. तो हात मागे घ्या. निदान अर्धा तास इथेच रमा. साडी जशी दुकानात अंगावर टाकून, उजेडात नेऊन बघतात तसं हे मशीन बघायचं.

वायफाय सापडतंय? यूट्यूबवर काहीतरी लावा. आवाज येतोय, हेडफोन लावल्यावर तिकडे जातोय? कॅमेरा? उजेड कमी-जास्त करायची बटणं? टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकतंय? झाकण मिटा, दोन मिनिटांनी उघडा. झोपलेलं मशीन जागं होतंय का, हे सगळ्यात जास्त लोक तपासायला विसरतात. ब्लूटूथ, प्रिंटर. एचपीचे बरेच प्रिंटर लावताच ओळखले जातात. कॅनॉनचा एलबीपी २९००, जो आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या झेरॉक्सच्या दुकानात आणि वकिलाच्या टेबलावर दिसतो, त्याला मात्र वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणं नवख्याचं काम नाही. पेनड्राइव्हवरून सगळं जरा संथ चालणार, त्याचं मनावर घेऊ नका.

वायफाय दिसलंच नाही तर निम्मे लोक इथे हार मानतात. हार मानायचं काही कारण नाही. तुमचा अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा, फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. मिंटला ते वायरचं इंटरनेट वाटतं आणि सहसा काही सेकंदांत जोडणी होते. फोन घरच्या वायफायवर असेल तर मोबाइलचा डेटाही जळत नाही. नंतर याच जोडणीवरून वायफायचा ड्रायव्हर उतरवायचा. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपांना हे बऱ्याचदा लागतं.

आता ती वीस मिनिटं

चार्जर लावा. डेस्कटॉप असेल आणि यूपीएस नसेल तर पावसाळ्यात, ढग भरून आलेले असताना, हे काम करू नका. पार्टिशन लिहीत असतानाच लाइट गेली की पुढचा रविवारही यातच जातो.

चिन्हावर डबल क्लिक. भाषा विचारेल. मराठी यादीत आहे आणि बघून बरं वाटतं, पण माझं मत, पहिल्यांदा इंग्रजी ठेवा. अडलं तर फोनवरून मदत करणाऱ्याला तुमच्या पडद्यावरचे शब्द ओळखू यायला हवेत. भाषा नंतर बदलता येते. कीबोर्डला 'इंग्लिश, इंडिया, विथ रुपी' निवडा. उजवा ऑल्ट धरून ४ दाबला की रुपयाचं चिन्ह येतं.

मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी-व्हिडिओ चालायला ते लागतात) चौकटीत खूण करा. सिक्युअर बूट चालू असेल तर इथे एक पासवर्ड ठरवायला सांगेल. साधा ठेवा, पण कागदावर लिहा, थोड्या वेळाने लागणार आहे.

मग येतो एकच महत्त्वाचा पडदा: डिस्कचं काय करायचं? विंडोज नको असेल तर 'इरेज डिस्क'. विंडोज ठेवायचं असेल तर 'इन्स्टॉल अलाँगसाइड'. 'समथिंग एल्स' मध्ये शिरायची पहिल्या वेळी गरज नाही. शिरलातच तर 'ईएफआय' नावाचं छोटं पार्टिशन फॉरमॅट करू नका, विंडोज सुरू होण्याची किल्ली तिथे आहे. 'इन्स्टॉल नाऊ' दाबल्यावर काय काय बदलणार याची यादी येते. डिस्कचं नाव आणि आकार मोठ्याने वाचा. हसू नका. मुंजीचे फोटो आठवा.

इथे कधीकधी डिस्कच दिसत नाही. डिस्क मेलेली नसते. इंटेलच्या काही मशीनमध्ये बायोसमध्ये स्टोरेज 'आरएसटी' किंवा 'रेड' पद्धतीवर लावलेलं असतं आणि इन्स्टॉलरला त्यामागची डिस्क दिसत नाही. विंडोज नको असेल तर बायोसमध्ये जाऊन ते 'एएचसीआय' करा, प्रश्न मिटला. विंडोज ठेवायचं असेल तर आधी विंडोजमध्ये 'एमएसकॉन्फिग' उघडून 'सेफ बूट' वर खूण करा, मग बायोसमध्ये बदल, मग विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या आणि ती खूण काढून टाका. सरळ बदल केलात तर विंडोज उघडताना कोलमडतं.

पुढे टाइमझोन. मुंबई शोधत बसू नका, कोलकाता निवडा, वेळ सगळ्या देशाची एकच. नाव, पासवर्ड. हा पासवर्ड नवं काही टाकताना प्रत्येक वेळी लागतो, तेव्हा विसरण्याजोगा नको. मग पट्टी सरकत राहते. तेवढ्यात खाली जाऊन वडापाव आणता येतो.

पहिल्यांदा सुरू करताना

पेनड्राइव्ह काढायला सांगेल, काढा, एंटर. सिक्युअर बूटचा पासवर्ड ठेवला असेल तर आता एक निळा पडदा येईल, 'एमओके मॅनेजमेंट' असं काहीतरी लिहिलेला. बिटलॉकरवाला निळा नव्हे हा. 'एनरोल एमओके', 'कंटिन्यू', 'येस', मग कागदावरचा पासवर्ड. हा पडदा सहसा या पहिल्याच वेळी येतो. न बघता पुढे गेलात तर बाहेरून घेतलेले काही ड्रायव्हर चालणार नाहीत आणि कारण सापडायला आठवडा जाईल.

मिंट दिसायच्या ऐवजी सरळ विंडोजच उघडलं तर बायोसमधला बूटचा क्रम बदलायचा. तिथे 'मिंट' शोधाल तर सापडणार नाही. मिंटची नोंद 'उबुंटू' नावाने असते. आणि मिंटमधून विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर लॅपटॉपच्या घड्याळाची बॅटरी संपलेली नाही. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये 'सिंक नाऊ' दाबा, वेळ जागेवर येते.

पहिला तास

स्वागताची खिडकी उघडेल, ती बंद करू नका, वरून खाली चाला. टाइमशिफ्ट लावा, तो सिस्टिमची जुनी स्थिती साठवतो, एखाद्या अपडेटने बिघाड केला तर मागे जाता येतं. तुमचे फोटो मात्र तो साठवत नाही, त्यांचा बॅकअप तुमचा तुम्हीच. मग अपडेट मॅनेजर, आणि त्यानंतर ड्रायव्हर मॅनेजर; एनव्हिडिया किंवा ब्रॉडकॉम असेल तर शिफारस केलेला ड्रायव्हर इथूनच घ्या. कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरून ड्रायव्हर उतरवून बसवायची विंडोजची सवय इथे सोडायची.

नवं सॉफ्टवेअर हवं असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजर. इंटरनेटवर एखादी आज्ञा सापडली आणि ती टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चिकटवायचा मोह झाला तर ती काय करते हे समजेपर्यंत चिकटवू नका. साधा वापर करणाऱ्याला टर्मिनल महिनोन्महिने उघडावं लागत नाही.

मराठी लिहायचं तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'लेआउट्स' मध्ये मराठीचा कगप फोनेटिक जोडा. इनस्क्रिप्टची सवय असेल तर तीही आहे. मराठी संकेतस्थळांवर गमभनने लिहायची सवय लागलेल्यांनी आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाकावं, त्यात गमभनची पद्धत मिळते. जुन्या फायली श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतील तर त्या इथे अगम्य इंग्रजी अक्षरांसारख्या दिसतील. फाइल खराब नाही, ती युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नाही एवढंच. असं काम बरंच असेल तर ते विंडोजवर असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्या.

आत्याचा लॅपटॉप त्या दिवशी दुपारी तीनला सुरू झाला. संध्याकाळी फोन आला, "अरे, पेनड्राइव्ह राहिला तुझा इथे. पुसून त्यात भजनं भरू का?" म्हटलं, भजनं दुसऱ्यात भर, हा तसाच ठेव. मशीन कधी सुरूच झालं नाही तर याच पेनड्राइव्हवरून डेस्कटॉप उघडायचा, फायली बाहेर काढायच्या, मेन्यूत 'बूट रिपेअर' आहे ते चालवायचं. तिने त्यावर चिकटपट्टी लावून 'लिनक्स' लिहिलं आणि गॅसच्या पुस्तकाच्या डब्यात ठेवला. ४८ आकड्यांचा तो कॅलेंडरचा कागदही त्याच डब्यात आहे, १ च्या खाली आता एक रेघ मारलेली.